सुहैलीची टाकी आणि शिडातला पाऊस

मी मूळचा मोहाडीचा. भंडारा जिल्हा, वैनगंगेचं खोरं, जिकडे बघाल तिकडे धानाच्या बांध्या आणि तळी. समुद्र पश्चिमेला आठ-नऊशे किलोमीटरवर. आमच्याकडे नाव म्हणजे ढिवरांचा डोंगा. डोंग्यात बसल्यावर तहान लागली तर बाजूला हात घालायचा, ओंजळभर पाणी प्यायचं, विषय संपला. त्यामुळे शिडाच्या छोट्या बोटीत पिण्याचं पाणी कुठे आणि कसं ठेवायचं, यावर लोक वर्षानुवर्षं डोकं खपवतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा गंमत वाटली होती. चहूबाजूंनी पाणी आणि टंचाई पाण्याचीच!

पण खोलात गेलो तसं लक्षात आलं की हे नुसतं प्लंबिंग नाही. एकट्या माणसाने शिडाच्या बोटीतून न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची म्हटली की सगळ्यात आधी अडतं ते इथेच. आणि या विषयातल्या दोन सर्वात बोलक्या गोष्टी दोन बोटींच्या आहेत, एक मुंबईत बांधलेली आणि दुसरी गोव्यात. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली, तरी दोघींवर प्रसंग तोच आला.

आधी गणित. (सवय, दुसरं काय!) पिणं आणि रांधणं मिळून माणशी दिवसाला तीन लिटर धरा. आंघोळ, कपडे वगैरे विसरा. पाच महिन्यांचे साडेचारशे लिटर, दहा महिन्यांचे नऊशे. एक लिटर म्हणजे एक किलो, म्हणजे जवळजवळ एक टन ओझं नुसत्या पाण्याचं. बोट तीसेक फुटांची, त्यात दहा महिन्यांचं अन्न, शिडं, दोर, हत्यारं, इंधन आणि तुम्ही. बरं, पाणी कुठेही ठेवून चालत नाही. ओझं जितकं खाली आणि मध्यावर, तितकी बोट स्थिर. म्हणून टाक्या जातात फळ्यांच्या जमिनीखाली नाहीतर झोपायच्या बाकांखाली. त्यातही टाकी अर्धी रिकामी झाली की आतलं पाणी लाटेबरोबर या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळायला लागतं आणि बोट जिकडे कलते तिकडेच तिला आणखी ढकलतं. म्हणून टाकीच्या आत आडवे पडदे घालतात किंवा एका मोठ्या टाकीऐवजी तीन-चार लहान टाक्या करतात. हे लहान टाक्यांचं प्रकरण लक्षात ठेवा.

'समुद्राचंच प्यायलं थोडं तर काय होतं?' समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. आपल्या मूत्रपिंडांना इतकं दाट मीठ बाहेर टाकता येत नाही, ते टाकायला शरीरातलंच पाणी खर्ची पडतं. म्हणजे प्याल तितके जास्त तहानाल. महाराजांना हे नेमकं ठाऊक होतं. सिंधुदुर्ग भर समुद्रात बांधला तो गोड्या पाण्याची जागा बघून. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिथल्या तीन विहिरी. नावांतच सगळं आलं, समुद्रातल्या माणसाला गोडं पाणी दुधासाखरेच्या मोलाचं. पण किल्ल्याला विहीर असते, बोटीला नसते. जुन्या जहाजांवर पाणी लाकडी पिंपांत भरत, आठवड्यांत ते हिरवं पडे, वास मारे. एकोणिसाव्या शतकात आरमारी जहाजांवर लोखंडी टाक्या आल्या तेव्हा खलाशांची ती एक मोठी सुटका झाली.

आता मुंबईची बोट.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी. त्याने १९६३-६४ मध्ये मुंबईत, कुलाब्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतःसाठी एक बोट बांधून घेतली. लांबी ३२ फूट, लाकूड अस्सल सागवान, कारागीर आपले सुतार. यंत्रं जवळपास नाहीतच. वाकसाने तासलेल्या फळ्या आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायचा सामता. बोट पाण्यात सोडताना नारळ फोडला. नाव ठेवलं 'सुहैली', अरबी दर्यावर्दी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला हे नाव देतात. पुढे ही बोट तो सोबत्यांना घेऊन आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला घेऊन गेला.

१९६८ मध्ये 'संडे टाइम्स'ने गोल्डन ग्लोब शर्यत जाहीर केली. एकट्याने, कुठेही न थांबता, कोणाचीही मदत न घेता पृथ्वीप्रदक्षिणा. तोवर हे कोणीच केलेलं नव्हतं. नऊजण निघाले. त्यांत सुहैली सर्वात लहान आणि हळू बोटींपैकी एक. १४ जून १९६८ला ती इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाली.

सप्टेंबरात, आफ्रिकेच्या दक्षिणेला, एका वादळात सुहैली साफ आडवी झाली. परत उभी राहिली खरी, पण केबिनचा सांगाडा जागचा हलला होता, फटींतून पाणी येत होतं. आणि मग टाक्यांतलं गोडं पाणी नासल्याचं लक्षात आलं. कॅनमध्ये वेगळं ठेवलेलं थोडं पाणी तेवढं शिल्लक. विचार करा. अजून सगळा हिंदी महासागर, सगळा पॅसिफिक, केप हॉर्न आणि मग अख्खा अटलांटिक उभा चढायचा आहे. सात महिन्यांचा प्रवास उरलाय आणि टाकी शून्य. केप टाऊन तसं जवळ होतं. तिकडे वळला असता तर कोणी नावं ठेवली नसती.

तो वळला नाही. उरलेला प्रवास मुख्यतः पावसाच्या पाण्यावर केला आणि २२ एप्रिल १९६९ला, ३१२ दिवसांनी, फालमथला परत आला. नऊपैकी शर्यत पुरी करणारा एकटाच, आणि न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा जगातला पहिला माणूस. कुलाब्याच्या सागवानाने हे केलं, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात का नसते कोण जाणे. असो.

शिडाने पाऊस धरायची रीत साधी आहे, पण शिस्त लागते. मुख्य शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा दांडा असतो. त्याचं मागचं टोक दोरीने थोडं वर उचलायचं, म्हणजे शिडावरून ओघळणारं पाणी दांड्याच्या कडेने पुढे डोलकाठीकडे येतं. तिथे बादली टांगायची. पहिलं पाणी फेकून द्यायचं, कारण शिडावर फवाऱ्याचं मीठ साचलेलं असतं. नंतर बोट बुडवून चाखायचं, खारट नाही लागलं की मग भरायला घ्यायचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शीड काही गच्चीसारखं आडवं नसतं, तरी पाच चौरस मीटरएवढं जरी पाणी धरलं तरी दहा मिलिमीटरच्या एका सरीत पन्नास लिटर, म्हणजे एका माणसाची पंधरा-सोळा दिवसांची सोय. अडचण एवढीच की चांगला पाऊस बहुतेक वेळा वादळाबरोबर येतो आणि वादळात माणूस बादली सांभाळणार की बोट? शिवाय सर आली तेव्हा तुम्ही झोपेत असाल तर गेली.

इथे मला आमचा भंडारा आठवतोच. आमच्याकडच्या जुन्या तळ्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे हो, 'माजी मालगुजारी'तले दोन मा! १९५०च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नाव हे असं उरलं. ही तळी बांधण्यात कोहळी समाजाचा मोठा हात. त्यातली खरी अक्कल मोठ्या तलावात नाहीच, ती बोड्यांमध्ये आहे. बोडी म्हणजे धानाच्या शेताच्या डोक्याशी बांधलेलं लहानसं तळं. मोठा तलाव भरला की सांडव्याचं पाणी खालच्या तलावात, तिथून पुढच्या, आणि बोड्या आपापला पाऊस आपापल्या धरतात. एका तलावाची पाळ फुटली तर नुकसान होतं, पण गाव मरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर ठेवलेलाच नाही. सुहैली वाचली ती टाक्यांमुळे नाही. कॅन ही तिची बोडी होती आणि शीड हे तिचं पाणलोट.

पाण्याची ही कंजुषी सगळं स्वयंपाकघर घडवते. बोटीवरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. (इंग्रजांच्या जहाजांवर हिंदी खलाशी असत, त्यांच्या बोलीत स्वयंपाक्याला म्हणत भंडारी. भंडाऱ्याच्या माणसाला हे वाचून उगाच अभिमान वाटतो, संबंध काही नसला तरी.) बोट विकत घेतली की हौशी लोक सर्वात आधी हात घालतात तो गॅलीलाच. कारण बंदरात सुंदर दिसणारा ओटा भर समुद्रात कुचकामी ठरतो. गॅली शक्यतो बोटीच्या मध्याजवळ, जिथे हेलकावा कमी. ओटा मोठा नको, उलट इतका अरुंद हवा की दोन्हीकडे कंबर टेकून उभं राहता यावं. ओट्याला सगळीकडून बोटभर उंच कठडा. रांधणाऱ्याच्या कमरेला पट्टा, म्हणजे एक हेलकावा बसला की तो शेगडीवर जाऊन पडत नाही. शेगडी पाळण्यासारखी दोन खुंट्यांवर टांगलेली. बोट कलली तरी शेगडी सपाटच, भांड्याला चिमटे लावलेले.

मग पाण्याचे नळ. इलेक्ट्रिक पंपाचा, घरच्यासारखा सोडला की वाहणारा नळ हा छोट्या बोटीवर शत्रू. जुने जाणते तो काढून पायाने दाबायचा पंप बसवतात. एकदा दाबलं की घोटभर पाणी, म्हणजे जितकी गरज तितकेच कष्ट. शेजारी दुसरा पंप थेट समुद्राच्या पाण्याचा. भांडी घासायची खाऱ्या पाण्यात, शेवटचा हात फक्त गोड्याचा. बटाटे सरळ समुद्राच्या पाण्यात उकडतात. भाताला एक भाग खारं, दोन-तीन भाग गोडं घातलं की वेगळं मीठ नको. आणि प्रेशर कुकर! जगभरचे शिडाच्या बोटीवाले ज्याची शिफारस करतात ते हे भांडं आपल्या प्रत्येक घरात आहे. झाकण बंद असल्याने भांडं आडवं झालं तरी उकळती डाळ अंगावर येत नाही, वाफ कोंडल्याने पाणी कमी लागतं आणि गॅस वाचतो. गॅसचंही एक आहेच. एलपीजी हवेपेक्षा जड. घरात गळला तर खिडकी उघडतो आपण, बोटीत गळला तर तो तळाशी जाऊन साचतो आणि एक ठिणगी पुरते. म्हणून सिलिंडर बाहेरच्या स्वतंत्र कप्प्यात, आणि त्या कप्प्याच्या तळाला थेट समुद्रात उघडणारं भोक.

हिंदुस्थानी माणसांनी स्वतः पृथ्वीप्रदक्षिणा केली ती १९८५ ते १९८७ मध्ये, लष्कराच्या इंजिनिअर्स कोअरच्या चमूने. चाळीस फुटांच्या आतली बोट. तिचं नाव काय असावं? 'तृष्णा'! तहान. ज्याने ठेवलं त्याच्या विनोदबुद्धीला सलाम.

एकट्याने करायचं मात्र बाकी होतं. हे खूळ डोक्यात घेतलं व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटींनी, तेही निवृत्तीनंतर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहून. नौदलातून पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. ते आधी इंग्लंडला जाऊन शिकले कोणाकडे, तर त्याच नॉक्स-जॉन्स्टनकडे. बोट बांधली गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या छोट्या यार्डात. आराखडा डच, हात गोव्याचे, लांबी ५६ फूट. अशी बोट दांडेकरांनी त्याआधी कधी बांधलेली नव्हती. ती नौदलात दाखल झाली फेब्रुवारी २००९ मध्ये. नाव 'म्हादेई', मांडवी नदीचं वरच्या अंगाचं नाव. (वारा, तहान, नदी... या बोटींची नावं ओळीने लावली तर अख्खा मॉन्सून होईल.) दोंदे १९ ऑगस्ट २००९ला मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय.

थांबत जाण्यात एक मोठी सोय अशी की दर बंदरात टाकी धुता येते, भरता येते, चूक सापडते. ती सोय सोडून निघाले अभिलाष टॉमी. दोंदेंच्या सफरीत किनाऱ्यावरून मदत करणारे तेच होते. १ नोव्हेंबर २०१२ला त्यांनी तीच म्हादेई मुंबईहून काढली, न थांबता. केप हॉर्न झालं, गुड होप झालं, घर जवळ आलं आणि शेवटच्या टप्प्यात कळलं की पिण्याच्या पाण्यात डिझेल उतरलंय.

हे असं होऊ शकतं, कारण वर म्हटलं तसं ओझं खाली हवं. ते पाण्याला लागू तसं डिझेललाही. दोघांना बोटीतली तीच जागा पाहिजे असते. जमिनीखालच्या त्या अंधाऱ्या पट्ट्यात टाक्या, पाइप, व्हॉल्व्ह शेजारी शेजारी नांदतात. आणि डिझेल थोडंसं पुरतं, वासानेच पाणी बाद. सुहैलीच्या टाकीनंतर चव्वेचाळीस वर्षांनी, सॅटेलाइट फोन आणि जीपीएस असलेल्या बोटीवर, माणूस पुन्हा आभाळाकडे बघत बसला. विषुववृत्ताजवळच्या सरींनी साथ दिली. शिडाचं पाणी धरत ३१ मार्च २०१३ला टॉमी मुंबईला पोचले. १५१ दिवस, न थांबता एकट्याने जाणारे पहिले भारतीय.

मधल्या काळात समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र छोट्या बोटींत आलं होतं. तुमच्याआमच्या किचनमध्ये जो आरओ आहे ना, त्याचाच थोरला भाऊ. समुद्राचं पाणी पडद्यातून पलीकडे ढकलायला पन्नास-साठ बार दाब लागतो, घरच्या मशीनच्या कितीतरी पट. हा पडदा १९६०च्या सुमाराला कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी घडवला. आरओ मशीनच्या जाहिरातीत हेमा मालिनी सगळ्यांना आठवते, सौरिराजन कोणालाच नाही. पण जुने खलाशी या यंत्रावर विसंबत नाहीत. वीज गेली की यंत्र गेलं, पडदा चोंदला की गेलं. यंत्र असलं तरी टाकी भरलेलीच ठेवायची आणि टाकी असली तरी कॅन वेगळे. डेटा सेंटरवाल्यांना हे पाठ असतं.

तरीही एक गोष्ट या सगळ्या हिशोबातून सुटते, आणि मला ती सर्वात जास्त लागली.

२०१८ मध्ये, पन्नास वर्षं झाली म्हणून, गोल्डन ग्लोब शर्यत पुन्हा भरवली. अट अशी की तंत्रज्ञान १९६८चंच. टॉमी उतरले 'थुरिया' घेऊन. थुरिया म्हणजे सुहैलीचीच प्रतिकृती, ३२ फुटी, आणि बांधली पुन्हा दांडेकरांनीच. २१ सप्टेंबर २०१८ला दक्षिण हिंदी महासागरात, ऑस्ट्रेलियापासून हजारो किलोमीटरवर, वादळाने बोट उलटीपालटी केली. डोलकाठी मोडली. टॉमींच्या पाठीला जबर मार बसला, उठता येईना. बोट बुडालेली नव्हती आणि पाणीही होतं. पण बाकावर पडलेल्या माणसाला काही पावलांवरची आणीबाणीची पिशवी गाठता येत नव्हती. हाताशी होते आइस टीचे डबे, पण प्यायलेलं पोटात टिकत नव्हतं. त्या मधल्या दिवसांत बाहेर आलेल्या तुटक संदेशांत स्ट्रेचर लागेल हे होतं, उलट्यांचं होतं आणि हेही होतं. तीन दिवसांनी, २४ सप्टेंबरला, 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं.

टाकी किती लिटरची, कोणत्या मालाची, किती कप्प्यांची, यावर मी इतकं वाचलं, गणितं केली. हाताच्या अंतराचं गणित मात्र मला कुठेच दिसलं नव्हतं. माझ्या आजीच्या उशाशी रात्री पाण्याचा तांब्या असायचा, वर फुलपात्र झाकलेलं.

टॉमींच्या मणक्यात पुढे टायटॅनियमच्या पट्ट्या बसवल्या. ४ सप्टेंबर २०२२ला ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले, यावेळी 'बयानत' नावाच्या ३६ फुटी बोटीतून, आणि २९ एप्रिल २०२३ला दुसऱ्या क्रमांकाने फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले.